आलानच्या आवाजाविषयी ताईस खुलासा

तीर्थरूप ताईस,

लुओयांगहून तुझ्या धाकट्या भावाचा, युनछिंगचा, वाकून नमस्कार. आईचा खोकला कसा आहे? नासपतीत खडीसाखर घालून वाफवून देतेस ना? तिला आवडत नाही म्हणून बंद करू नकोस, तिला काहीच आवडत नाही. दाजींचा गुडघा थंडीत धरतो असं मागं लिहिलं होतंस. पत्ते खेळायला बसताना धरत नाही आणि कोळसा वर आणताना धरतो, एवढंच असेल तर काळजीचं कारण नाही. कालव्याच्या बाजूची भिंत यंदाही ओल धरतेय का? इकडे मी ठीक आहे, म्हणजे कॉलेजात ज्याला ठीक म्हणतात तसा: घसा बसलेला, कंबर धरलेली, आणि नाकाचा शेंडा गारठ्यानं सोललेला. (नाकाचं कारण पुढं येईल. घाई करू नकोस. तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचतेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. या खेपेला कृपा करून तसं करू नकोस.)

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चामड्याचा पट्टाच तो. ‘मी माझी मुलगी तुझ्याकडं रेशीम म्हणून पाठवली होती, तू तिचं गोणपाट केलंस,’ हे वाक्य मी चहा पिता पिता वाचलं आणि उरलेला चहा तसाच ठेवला. पुढं हुआइ नदीचा दाखलाही दिलास, की दक्षिणेचं संत्रं नदीच्या उत्तरेला लावलं की त्याचं आंबट इडलिंबू होतं. ताई, मीही तीच नदी ओलांडून इकडं आलो, आणि गेली कित्येक वर्षं शेवयांबरोबर कच्चा लसूण खातो आहे, तेव्हा इडलिंबाविषयी मला कुणी सांगायला नको. पण तुझ्या आरोपांना उत्तर देणं भाग आहे. फोनवर देता येत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हा कागद. कागदाला तू मध्येच तोडू शकत नाहीस, फार तर फाडू शकतेस.

पहिल्यापासून सांगतो, कारण आरंभ तू विसरली आहेस. आलान इथं आली तेव्हा तिला आवाज होता की नाही हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. नव्या मुलांना सुरुवातीला लष्करी कवायत असते, त्यात रोज सकाळी हजेरी होते. ‘लू रुओलान!’ असा पुकारा झाला की आपली आलान ‘हजर’ म्हणायची. ते तिच्या ओठांवरून कळायचं, कानाला काही यायचं नाही. कवायतीचा शिक्षक तिला रोज गैरहजर लावायचा आणि ती रोज त्याच्यासमोर पाय आपटत चालायची. शेवटी गैरहजेरीबद्दल तिचं नाव माझ्याकडं आलं. (विद्यार्थ्यांची नावं माझ्याकडं नेहमी अशाच कारणानं येतात. कुणी पहिलं आलं तर ते विभागप्रमुखांकडं जातं. कुणी खिडकीतून पाय बाहेर सोडून बसलं तर माझ्याकडं.) मी तिला विचारलं, ‘अगं, सांगायचं नाहीस का?’ ती म्हणाली, ‘काही नाही, मामा.’ हे तिचं आवडतं वाक्य. ताप आला, काही नाही. बूट चावतो, काही नाही. वसतिगृहात तिला मिळालेल्या खोलीत आणखी तिघी तिच्यासारख्याच आल्या होत्या, आणि ती खोली एवढी शांत होती की मजल्यावर देखरेख करणाऱ्या मावशीला वाटलं, इथं कुणी राहत नाही. तिनं बाहेरून कुलूप घातलं. चौघी आत होत्या. कुणी दार वाजवलं नाही. ‘कुणाला त्रास कशाला द्यायचा,’ असं त्यांचं चौघींचं मत पडलं. दुपारी गरम पाण्याचे थर्मास भरायच्या रांगेत त्या दिसल्या नाहीत म्हणून शोध लागला.

हे मी तुला कळवल्यावर तू काय लिहिलंस, आठवतं? ‘युनछिंग, हिच्या तोंडाला कुलूप आहे, किल्ली तू शोध. अशी राहिली तर जगात कोण हिला विचारेल?’ दर आठवड्याला फोन. मी म्हणालो, ताई, स्वभाव आहे. तू म्हणालीस, स्वभाव कसला, संगत हवी, जरा बोलक्या मुलींत टाक. टाकली. हे ‘टाक’ तुझं आहे, एवढी नोंद व्हावी.

बोलक्या मुलींत टाक म्हणालीस म्हणून मी तिला थुंग यालिनच्या खोलीत टाकलं. थुंग यालिन हेगांगची, म्हणजे तिकडे वर, जिथं थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते म्हणतात. बाप कोळशाचा ट्रक चालवतो. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवलं. उंचीला दाराएवढी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ती हसली की तळमजल्यावरची मावशी रेडिओ बारीक करते. मुली तिला ‘थुंगदादा’ म्हणतात. मुलगी असून दादा का, असं मी एकदा विचारलं, तर सगळ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू सूर्याला सूर्य का म्हणतात असं मी विचारलं होतं. या थुंगदादाच्या मते गप्प बसणं हा एक आजार आहे, आणि त्यावर तिच्याकडं घरगुती इलाज आहेत: सूर्यफुलाच्या बिया, आंबवलेल्या कोबीची पिशवी, आणि सार्वजनिक न्हाणीघर. पहिल्याच शनिवारी ती आलानला न्हाणीघरात घेऊन गेली आणि खरखरीत कापडानं तिची पाठ अशी घासली की पोर उकडलेल्या कोळंबीसारखी लाल होऊन बाहेर आली. आलान त्या दिवशी माझ्या दारासमोरून गेली ती आपणहून बोलत गेली: ‘मामा, पाठीला आग लागलीय!’ ताई, मला गहिवरून आलं. मी तुला लगेच फोन केला, तूही रडलीस. तेव्हा गोणपाटाचा उल्लेख नव्हता.

मग बदल होत गेला, आणि तो मला वेळेवर दिसला नाही हे खरं. कसा दिसणार? भात शिजताना कुणी एकेका शिताकडं बघत बसत नाही. आधी बोलण्यातले शब्द बदलले, मग सूर, मग ते शब्द फेकताना हात. खोलीतल्या बाकी दोघींचंही तेच. त्यातली एक सिचुआनची, एक इथलीच, पण आता चौघी अशा बोलतात की जणू चौघींनाही एकाच ट्रकमधून हेगांगहून आणून उतरवलंय. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. इथं वाणही लागला. एकदा जिन्यात एक लांबुडका मुलगा आलानकडं टक लावून बघत होता. आपली आलान (जी पूर्वी बदक आडवं आलं तरी रस्ता बदलायची) थांबली आणि म्हणाली, ‘काय बघतोस?’ तो बिचारा गडबडून म्हणाला, ‘तुझ्या थर्मासातनं पाणी गळतंय.’ खरंच गळत होतं. तिनं थर्मास त्याच्याच हातात दिला आणि म्हणाली, ‘मग बघत काय राहिलास, धर!’ तो तीन मजले थर्मास घेऊन चढला.

मग खानावळीचं प्रकरण. तिथं मांसाच्या भांड्यावर एक बाई असते, ती डाव भरून काढते आणि ताटावर आणेपर्यंत तिचा हात असा थरथरतो की मांस परत भांड्यात आणि बटाटे तेवढे ताटात. आम्ही सगळे हे वर्षानुवर्षं देवाची इच्छा म्हणून खात आलो आहोत, मीसुद्धा. आलाननं ताट पुढं केलं, हात थरथरला, मांस गेलं. आलान गंभीरपणे म्हणाली, ‘मावशी, तुमच्या हाताचं काही खरं नाही. डॉक्टरला दाखवून या. तोवर डाव मी धरते.’ आणि ती खरोखर पलीकडं जाऊन उभी राहिली. मागच्या रांगेतल्या सगळ्यांना तिनं वाढलं. त्या दिवशी मांस लवकर संपलं, शिक्षकांच्या टेबलावर नुसते बटाटे आले, आणि खानावळीचा व्यवस्थापक माझ्या खोलीत येऊन बसला. (तो आला की उठत नाही. माझा चहा संपवून उठतो.)

त्यानंतर आमचे विभागप्रमुख. यांचं नाव कुआंग. माणूस वाईट नाही, पण त्यांना भाषण करायला आवडतं, आणि भाषणाच्या शेवटी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारायला फार आवडतं. मी इथं आल्यापासून त्या प्रश्नाला कधी उत्तर आलेलं नाही. तो टाळ्यांआधीचा श्वास आहे. आलान उठली. तिनं विचारलं, ‘साहेब, भाषणात तुम्ही म्हणालात की तरुणांनी स्वतंत्र विचार करावा. मग रविवारी आम्हाला यादी लावून इथं का बसवलं?’ सभागृहात अशी शांतता पसरली की मला तिची ती जुनी, कुलूपबंद खोली आठवली. मग मागून कुणीतरी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. कुणी ते सांगायला नको, थुंगदादाचे हात परातीएवढे आहेत.

कुआंग साहेब रागावले नाहीत. त्याहून वाईट केलं: त्यांना त्यात विषय दिसला. मला बोलावून म्हणाले, ‘युनछिंग, सामाजिक वातावरणाचा विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वावर काय परिणाम होतो, यावर एक निबंध लिहा. उदाहरण तुमच्या घरातलंच आहे.’ तो निबंध मी अजून लिहितो आहे. आतापर्यंत एक वाक्य झालं आहे: ‘परिणाम होतो.’ पुढचं सुचत नाही, कारण त्यानंतर जे झालं त्यानं माझ्या डोक्यातली मांडणीच उलटी झाली. आता ताई, तू ज्या गोष्टीवरून तो पट्टा पाठवलास तिच्याकडं येतो. जरा नीट वाच.

हिवाळा लागला तशी त्या खोलीत एक गोष्ट घडत होती आणि ती आम्हा कुणालाच कळली नाही. आम्ही सगळे आलान किती बोलायला लागली तेच ऐकत होतो. थुंग किती बोलायची थांबली ते कुणी ऐकलं नाही. थांबलेलं ऐकू येत नाही, हीच तर अडचण. मावशीनं रेडिओ मोठा केला होता, पण का ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं. थुंग बिया फोडेना. न्हाणीघरात जायला कंटाळा करू लागली. आलाननं विचारलं, ‘दादा, काय झालं?’ तर ती म्हणाली, ‘काही नाही.’

आलान मला नंतर म्हणाली, ‘मामा, हे ऐकलं आणि मी लगेच ओळखलं. ते तिचं वाक्य नव्हतं, माझं होतं. मला माहीत आहे ना त्याच्या खाली काय काय असतं.’

मग ती थुंगच्या मागे लागली. थुंगचीच पद्धत वापरली तिनं, बिया, कोबी, आणि दार अडवून उभं राहणं. (आपल्या मुलीची उंची तुला ठाऊक आहे. पोरीनं स्टुलावर उभं राहून दार अडवलं.) अखेर बाहेर आलं. बर्फावरून ट्रक घसरून बाप दरीच्या कडेला उलटला होता. पाय दोन ठिकाणी मोडलेला, बरगड्या गेलेल्या, दवाखान्यात पडून. आत्यानं फोनवर सांगितलं होतं की परीक्षा झाल्याशिवाय येऊ नकोस, बाप जिवंत आहे. आणि ही पोर, जी पूर्वी नख तुटलं तरी अख्खा मजला गोळा करायची, ती कुणाला एक शब्द न सांगता अभ्यासाला बसली होती. ‘तुम्हाला सगळ्यांना कशाला त्रास,’ म्हणाली. ताई, हे कुणाचं बोलणं, ओळखलंस? हे आपल्या घरातलं आहे. आईचं, तुझं, माझं. आलाननं तिच्याकडून बोलणं घेतलं, आणि आपलं गप्प बसणं तिला देऊन टाकलं. त्या निबंधात हे कुठं बसवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आलान थुंगला हाताला धरून कुआंग साहेबांच्या खोलीत गेली. मी तिथंच होतो, निबंधाला मुदत मागायला गेलो होतो. साहेब म्हणाले, परीक्षेच्या आठवड्यात रजा नाही, नियम आहे, आणि घरच्यांनीच येऊ नको म्हटलंय. आलान म्हणाली, ‘घरचे येऊ नको म्हणतात तेव्हाच जायचं असतं, साहेब. या म्हणतात तेव्हा लग्न असतं.’

साहेबांनी सुस्कारा सोडला. ‘विद्यार्थिनी लू, पूर्वी तू किती शांत मुलगी होतीस!’

‘हो साहेब. तेव्हा तुम्हाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.’

थुंग मागं मान खाली घालून उभी होती. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा नियम सांगितला, आणि नियम सांगताना माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. संध्याकाळी दोघी गायब. दोघींची परीक्षा बुडाली. मला यातलं काही माहीत नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नको. साहेबांनी मला बोलावलं आणि हुकूम केला: जा, जिथं असतील तिथून दोघींना परत आणा. म्हणून मला जावं लागलं. माझी इच्छा नव्हती. कंबर तर तुला माहीतच आहे.

त्या प्रवासाचं वर्णन करण्याची माझ्यात ताकद नाही. गाडीत बसायला जागा मिळाली ती संडासाशेजारी, तीही एका कोंबडीवाल्या बाईबरोबर वाटून. बीजिंगला गाडी बदलली, हार्बिनला बदलली, आणि प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा थंड. हेगांगला सकाळी उतरलो तेव्हा मी सगळे कपडे अंगावर घातले होते, पायजमा पँटवरून, आणि तरी मला माझं नाक सापडेना. (हेच ते नाक.) दवाखाना विचारत गेलो. माझा आवाज आपल्याकडचा, मऊ, तोंडावर मफलर. तीन माणसांनी मला ‘काय?’ म्हणून विचारलं आणि चौथ्यानं हातावर भीक ठेवली.

दवाखान्याच्या फाटकाशी जिआओझ्चं, त्या सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं, एक लहान दुकान होतं. तिथल्या बाईनं मला दारातून बघितलं, बाहेर आली, बाहीला धरून आत ओढलं आणि भांड्यापाशी वाफेत उभं केलं. मी सांगितलं की मी लुओयांगच्या कॉलेजातला मार्गदर्शक शिक्षक, थुंग यालिनला शोधतोय. ती मला वरून खाली बघून म्हणाली, ‘तुम्ही मास्तर? वाटत नाही. मास्तरला आवाज असतो.’ ही थुंगची आत्या, छुनयान. दवाखान्यासमोर हे दुकान तिचं. तिनं माझ्यासमोर वाडगा आपटला आणि मी खाईपर्यंत मला रागावत राहिली, की कसलं तुमचं कॉलेज, माझी पोर हसती-खेळती पाठवली, तुम्ही तिचा दगड करून पाठवलात, घरी आल्यापासून बोलत नाही, बापाच्या उशाशी मुकी बसते! ताई, मी जिआओझ् तोंडात धरून ऐकत राहिलो. आणि परत येतो तर टेबलावर तुझं पत्र. एकीचं रेशीम, दुसरीचा दगड, आणि दोघींची शिवी एकट्या मला.

वर गेलो. थुंगचा बाप खाटेवर, पाय वजनाला टांगलेला, आणि त्या अवस्थेत शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी मोठमोठ्यानं पैज मारत होता. मला म्हणाला, ‘या मास्तर! पाय मोडलाय, तोंड नाही.’ आलान परिचारिकेशी गरम पाण्यावरून भांडत होती. भांडणाचा निकाल लागला असावा, कारण पाणी आलं. आणि थुंग स्टुलावर. एवढी मोठी पोर, पण कोपऱ्यात अशी बसलेली की जागा कमी लागावी.

बाप तिच्याकडं अधूनमधून बघायचा आणि त्याचा विनोद अर्ध्यावर थांबायचा. मला हळूच म्हणाला (त्याचं हळू म्हणजे आपल्याकडं घाटावर ओरडतात तसं), ‘मास्तर, पायाचं मला काही नाही. हाड आहे, सांधेल. पण ही कोण आणून बसवलीत? ही माझी नाही. बदलून आलीय.’

आलाननं ते ऐकलं. ती आली, थुंगसमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. मला वाटलं आता काहीतरी हळुवार बोलेल. तर म्हणाली, ‘दादा, ओरड. त्यांच्यावर ओरड. मी आईवर कधी ओरडले नाही, आता इतकं साचलंय की कुठून सुरू करायचं कळत नाही. तू असं करू नकोस.’

 मग थुंग उठली. तिचा चेहरा लाल झाला आणि तिनं बापावर जो आवाज चढवला, ‘एवढ्या बर्फात गाडी काढायला कुणी सांगितलं होतं तुला? साखळ्या का नाही लावल्यास चाकांना? मेला असतास तर? मी तिकडं परीक्षा देत बसले असते?’ शेजारचा म्हातारा उठून बसला. परिचारिका धावत आली. आणि तो बाप, ताई, बरगड्या मोडलेला माणूस, हसायला लागला, हसताना कळ येऊन ओरडायला लागला, आणि ओरडता ओरडता त्याच्या डोळ्यांतून पाणी. ‘आली,’ म्हणाला. ‘छुनयान, आली गं. आपली पोरगी आली.’ छुनयान दारात भांडं घेऊन उभी होती. तिनं भांडं माझ्या हातात कोंबलं आणि मला पाठ करून उभी राहिली. भांडं फार गरम होतं. मी धरून राहिलो.

त्यानंतर मुलींना लगेच घेऊन निघायचं होतं, पण निघता आलं नाही. तिकडून निघणं सोपं नसतं. ‘निघतो’ म्हटलं की ताटात आणखी वाढतात. मला ज्वारीची दारू पाजली, खालून ऊब दिलेल्या विटांच्या ओट्यावर झोपवलं (कंबर सुटली, हे प्रामाणिकपणे सांगतो), आणि गाणं म्हणायला लावलं. मी आपल्याकडचं नावाड्यांचं एक गाणं म्हटलं. छुनयान म्हणाली, ‘ऐकू आलं नाही. पुन्हा.’ पुन्हा म्हटलं. ‘पुन्हा.’ घसा त्यात बसला. थुंगनं बापाच्या सांगण्यावरून परत यायचं ठरवलं, आणि आम्ही तिघं परत आलो. गाडीत दोघी एवढं बोलल्या की डब्यातल्या लोकांनी आम्हाला चांगली जागा दिली, लांबची.

निकाल असा: दोघींना ताकीद मिळाली, ती ध्वनिक्षेपकावरून वाचली गेली, परीक्षा वसंतात पुन्हा द्यायची आहे. मलाही साहेबांनी ऐकवलं. मी ऐकून घेतलं. तू खोली बदलायला सांगितली आहेस, गोड, शांत मुलींत टाक म्हणतेस. ताई, मी दमलो आहे. मुलगी इकडून तिकडं टाकायची म्हणजे लोणच्याची बरणी हलवणं नव्हे. शिवाय आता तिला शांत खोलीत टाकलं तर तीन शांत मुलींचं काय होईल याचा विचार कर, त्यांच्याही आया आहेत. खोली मी बदललेली नाही. रागव. दाजींना सांगताना पत्ते चांगले आलेले असताना सांग.

आईला जप. तू स्वतःलाही जप.

तुझा दमलेला भाऊ,
युनछिंग

ता. क. नववर्षाच्या सणाला यंदा मी घरी येत नाही. कामं फार आहेत. निबंधही राहिला आहे.

ता. क. २. वरच्या ओळीत काम म्हटलं ते हेगांगला आहे. तू दर सणाला दोन-तीन मुली दाखवायला बोलावतेस, यंदा बोलावू नकोस. आणि ताई, तू स्वतः बसून रेशमी दुलई भरतेस तशी एक भरून पाठवशील का? नेहमीपेक्षा रुंद. तिकडची माणसं मोठी असतात. जिआओझ्वाल्या बाईचा घटस्फोट झालेला आहे, आणि ती मला ‘मोठ्यानं बोल’ एवढं सोडून काही सांगत नाही. हे आईच्या कानावर घालण्याचं काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं असं तू म्हणशील. म्हण.

आई, मी आलान. मामानं पत्र पेटीत टाकायला दिलं, पाकीट उघडंच होतं. मामाला कुणी हेगांगला पाठवलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, जाऊ दे, येतील. आमच्या दोघींची तिकिटं मामानंच रांगेत उभं राहून काढली होती, स्टेशनवर सोडायलाही तोच आला होता आणि फलाटावर रडला होता. मग राहवलं नाही म्हणून स्वतःहून मागोमाग आला. नाकाचं मात्र खरं आहे. परीक्षा मीच बुडवली, वसंतात देईन, पास होईन. आई, रविवारी मी फोन करते तेव्हा तू विचारतेस, जेवलीस का, मी हो म्हणते, आणि तू ‘बिल वाढतं’ म्हणून ठेवून देतेस. या रविवारी ‘हो’ म्हटल्यावर ठेवू नकोस. मला पुढंही बोलायचंय.